लॉरीला गोडं पाणी

सिंगापूरला तुआसच्या यार्डात माझा नवरा लॉरीखाली उताणा पडला होता आणि मी त्याच्या बुटांशी बोलत होते. बाहेर तेवढेच दिसत होते. आत हातोडीची टकटक चालली होती. आधी टण् टण् असा खणखणीत आवाज येत होता, मग एके ठिकाणी तो बसका झाला, आणि पाठोपाठ काहीतरी खाली पडलं.

"काय पडलं?" मी विचारलं.

"काही नाही. गंज."

तो सरपटत बाहेर आला. हातात तळहाताएवढा तुकडा होता, तपकिरी, पापुद्र्यांचा, बेकरीतल्या खारीसारखा. बोटाने दाबल्यावर त्याचा भुगा झाला. लॉरीच्या चासीचा, म्हणजे ज्या दोन लांब लोखंडी पट्ट्यांवर अख्खी गाडी उभी असते त्यांच्यातल्या एकीचा, तो तुकडा होता. त्याने हात पँटला पुसले आणि वादळ येणार आहे की नाही हे सांगावं तितक्या शांतपणे म्हणाला, "पुढच्या महिन्यात इन्स्पेक्शन आहे. पास झाली तर राहतो. नाही झाली तर एजंटला हो म्हणतो."

एजंट म्हणजे जहाजांवर माणसं पाठवणारा. हो म्हणतो म्हणजे पुन्हा शिपवर जातो. लग्न झाल्यापासून हा माणूस मरीन इंजिनिअर म्हणून समुद्रावरच होता. मुलीचा जन्म, तिचा पहिला दात, तिची शाळा, सगळं त्याने तुटक्या व्हिडिओ कॉलवर पाहिलं. मी सिंगापूरच्या एका ऑफिसात सॉफ्टवेअरच्या टीमा सांभाळते, टॅम्पिनीसच्या फ्लॅटमध्ये एकटीने संसार सांभाळला, आणि दर वेळी तो घरी आला की म्हणायचा, "हे शेवटचं कॉन्ट्रॅक्ट." अशी शेवटची बरीच झाली. अखेर आमची पीआर, म्हणजे इथे कायम राहायची परवानगी, आल्यावर एका जुन्या शिपमेटबरोबर त्याने इथे जमिनीवर धंदा सुरू केला. जहाजांना भाजीपाला, दोरखंड, रंगाचे डबे पोचवायचे, आणि त्यांचे दुरुस्तीला काढलेले पंप, जुने ओले दोर परत आणायचे. त्यासाठी ही लॉरी. घेतली तेव्हाच ती उतारवयात होती. या देशात गाडी घेण्यापेक्षा ती ठेवण्याची परवानगी महाग, त्यामुळे ही गेली तर लगेच दुसरी येणार नव्हती, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मला तो जायला नको होता. हे मी त्याला सांगितलं नव्हतं असं नाही. भांडून सांगितलं, नीट बसवून सांगितलं, एकदा तर हॉकर सेंटरच्या गर्दीत लक्सा नूडल्स खाताना सांगितलं. तो ऐकून घ्यायचा आणि एजंटचा फोन आला की बाल्कनीत जायचा. पलंगाखालची त्याची बॅग कधी पूर्ण रिकामी झालीच नाही. बॉयलर सूट, सेफ्टी शूज, सर्टिफिकेटांची फाईल, सगळं तिच्यात तयार. झाडू मारताना ती बॅग झाडूला लागली की माझं डोकं फिरायचं.

म्हणून त्या दिवशी यार्डातून निघाले ती मनात एकच गोष्ट घेऊन. लॉरी पास करायची. तुआसपासून टॅम्पिनीसपर्यंत एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, सरळ येते, पण बेटाच्या एका टोकापासून जवळजवळ दुसऱ्या टोकापर्यंत. सीट रिकामी असून मी बसले नाही. एकदा या दारापाशी, एकदा त्या दारापाशी. समोरच्या म्हाताऱ्या आजीबाईंना वाटलं असेल, हिला स्टेशन सापडत नाहीये.

घरी येऊन कॅनडाला दादाला फोन लावला. माझा भाऊ तिकडे जुना ट्रक बाळगून आहे आणि त्या ट्रकवर वहिनीपेक्षा जास्त जीव टाकतो, असं वहिनीच म्हणते. हिवाळ्यात त्यांच्याकडे बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि ते मीठ गाड्या खालून खातं.

"आधी धू," दादा म्हणाला. "नुसतं वरून पाणी मारू नकोस. चासीच्या आतल्या बाजूला, कोपऱ्यात, जिथे चिखल बसतो तिथे धू. मग वाळू दे. पूर्ण वाळू दे. मग पातळ तेल मार, ओलं राहणारं. काळं रबरासारखं जाड काही लावलंय का खालून?"

"लावलंय. लॉरी घेतल्या घेतल्या हौसेने लावलं होतं."

"काढ ते. नवीन गाडीला ठीक आहे. जुनीला लावलं की आत मीठ आणि ओल कोंडते. वरून काळं कुळकुळीत, आतून भुगा. आणि अगं, तुमच्याकडे कुठे बर्फ? मीठ आलं कुठून?"

मीठ कुठून आलं हे उघड होतं. ओल्या दोरांतून आणि पंपांतून लॉरीच्या फळ्यांवर समुद्राचं पाणी सांडायचं आणि फटींतून चासीवर ठिबकायचं. माझं माहेर रत्नागिरीचं. खाऱ्या वाऱ्यात लोखंडाचं काय होतं हे मी लहानपणापासून पाहत आलेय. आई शिवणयंत्राला दर आठवड्याला तेलाचं फडकं फिरवायची आणि तरी सुया गंजायच्या. पण मला एक कळेना. माझा नवरा लॉरी रोज धुवायचा. दिवस कितीही लांबला तरी धुतल्याशिवाय घरी यायचा नाही. मग मीठ राहायचं कसं?

त्याला विचारलं तर म्हणाला, "रोज धुतो मी. तू बघितलंयस कधी?"

नव्हतं बघितलं. म्हणून पुढच्या सुट्टीच्या दिवशी त्याच्याबरोबर आणि त्याच्या भागीदाराबरोबर गेले. जेट्टीवर जहाजांना माल पोचवणारी बोट लागली, माल उतरला, चढला, ओले दोर लॉरीवर आले. दोर यार्डात उतरवून आम्ही रिकामी लॉरी घेऊन परत जेट्टीवर आलो. मला वाटलं, काही विसरलं असेल. तर बोटीवरच्या माणसाने डेक धुवायचा जाड पाइप याच्याकडे फेकला, याने तो झेलला आणि लॉरी धुवायला लागला. वरून, खालून, चाकांच्या आतून. जीव लावून धूत होता. पाण्याला चांगला जोर होता. एक तुषार माझ्या ओठांवर आला आणि मी जीभ फिरवली.

खारट.

"हे पाणी कुठलं आहे?" मी विचारलं.

"म्हणजे? समुद्राचं."

मी काही बोलायच्या आत त्याने पाइप परत दिला, कॅबमधून एक बादली काढली आणि तिच्यातल्या गोड्या पाण्याने काचा, आरसे आणि दाराची कडी पुसून घेतली. बादलीत पाणी उरलं ते सांडलं नाही. झाकण लावून ठेवलं, उद्यासाठी.

मी अशी ओरडले की बोटीवरचा माणूस आत गेला. "अरे, तू इंजिनिअर आहेस ना? मिठाने गंजू नये म्हणून मिठाच्या पाण्याने धुतोस? दोन वर्षं?"

तो खरोखर गोंधळून माझ्याकडे बघत राहिला. त्याचा भागीदार, मल्याळी, जन्मभर जहाजावर मुकादमी केलेला सज्जन माणूस, मधे पडला. "भाभीजी, डेक भी तो ऐसे ही धोते हैं."

आणि मग मला कळलं. जहाजावर डेक धुतात तो समुद्राच्याच पाण्याने, कारण ते फुकट आणि अफाट असतं. गोडं पाणी टाकीत असतं, ते पिण्यासाठी, इंजिनसाठी, जपून वापरायचं. या दोघांनी उमेदीची वर्षं अशा खटारा जहाजांवर काढली होती की जिथे गोडं पाणी करायचं यंत्र बिघडलं की टाक्यांना कुलूप लागायचं. त्यांना विचारलं असतं तर दोघांनीही खारं पाणी लोखंडाला काय करतं यावर मला तासभर शिकवलं असतं. पण हाताला कोण विचारतं? हात पाइपकडे जात होते, आणि रोज धुवून धुवून त्यांनी लॉरीला मीठ पाजलं होतं.

घरी तरी काय वेगळं होतं? याची अंघोळ म्हणजे अंग ओलं करायचं, नळ बंद. साबण लावायचा. नळ उघडायचा, फेस गेला की बंद. माझा चहा कपात ओतून होईपर्यंत हा टॉवेल गुंडाळून बाहेर. लग्नानंतर मला त्याचं कौतुक वाटायचं, मग हसू यायचं, मग राग. मुलगी दात घासताना नळ चालू ठेवायची तर हा बाहेरून दार वाजवायचा, "पाणी!" आणि ती आतून ओरडायची, "बाबा, दिस इज नॉट युअर शिप लाह!" त्यात भर म्हणून या देशातही पाणी वाचवायचे स्टिकर जागोजागी. याला वाटायचं, सगळं सरकार आपल्या बाजूने आहे.

जेट्टीवरून येताना लॉरीत मी ओठांवरचं मीठ पुसत होते. तो म्हणाला, "चिडलीस?" मी म्हटलं, "तू अजून जहाजावरून उतरलाच नाहीयेस." त्याने सिग्नलकडे बघितलं. 

त्यानंतरचे सगळे रविवार यार्डात गेले. ताडपत्री पसरायची, कारण इथे गटारात तेल गेलं की खैर नाही. मग ते काळं रबर सोलायचं. काही ठिकाणी ते आंब्याच्या सालीसारखं सहज निघायचं, आणि जिथे सहज निघायचं तिथे खाली गंज असायचाच. मग वायर ब्रश. मग गोडं पाणी. यार्डाच्या नळाला लांब पाइप लावला होता. तो खाली झोपून चासीच्या आतल्या कोपऱ्यांत धार सोडायचा, तपकिरी पाणी निघायचं, आणि पाणी जरा स्वच्छ दिसलं की बुटाने पाइप दाबून धार थांबवायचा.

"अजून," मी म्हणायचे.

"झालं की."

"अजून! कोपऱ्यात मीठ असतं."

तो थांबवायचा, मी त्याचा बूट बाजूला सारायचे. भागीदार चहा घेऊन यायचा आणि आम्हा दोघांत कोणाची बाजू घ्यावी हे न कळल्यामुळे चहा ठेवून जायचा. मुलगी पहिल्या रविवारी आली, हात काळे करून घेतले, पुढच्या रविवारी तिची परीक्षा निघाली.

धुणं सोपं होतं. वाळवणं नाही. सकाळी कडक ऊन पडायचं, आणि तेल मारायची वेळ आली की उत्तरेकडून, वुडलँड्सच्या बाजूने ढग सरकत यायचे. मी फोनवर पावसाचा नकाशा बघत यार्डात येरझाऱ्या घालायचे. घरून टेबल फॅन आणून लॉरीखाली लावला. बोट फिरवून बघायचे, वाळलं का? वाळलं का? ऑफिसातही तेच. मीटिंगमध्ये कोणी काचेवर काही लिहून समजावत असायचं आणि मी खिडकीबाहेर बघत असायचे. कुठेच बूड टेकत नव्हतं. घरी आले की आधी पलंगाखाली वाकून बघायचे. बॅग आहे तिथेच आहे, बंद आहे. उठायचे, कुकर लावायचे, पुन्हा जाऊन बघायचे.

एजंटचे फोन वाढले होते. जहाज सिंगापूरलाच येणार होतं, विमानाचीसुद्धा गरज नाही. टॅक्सी केली की झालं. तो बाल्कनीत जाऊन बोलायचा आणि मी भाजी चिरत कान देऊन असायचे. "अगले हफ्ते बताता हूँ," एवढंच ऐकू यायचं. इन्स्पेक्शनही पुढच्याच आठवड्यात होतं.

शेवटच्या रविवारी ढग आले नाहीत. चासी वाळली, तेल मारून झालं, पातळ, मधाच्या रंगाचं. ते लोखंडात मुरताना दिसत होतं. मी पहिल्यांदा लॉरीखाली वाकून नीट बघितलं. सुंदर दिसत होती ती. मला वाटलं, जिंकलो आपण. मी त्याला तसं म्हणालेही. तो मागच्या चाकाजवळ, जिथे स्प्रिंगचे पाटे चासीला जोडलेले असतात तिथे अंगठा दाबून बघत होता. म्हणाला, "बघू."

इन्स्पेक्शनच्या दिवशी मी घरून काम करत असल्याचं ऑफिसला सांगितलं, पण काम काही केलं नाही. गॅसची शेगडी घासली. कपाटातले मुलीचे लहान झालेले कपडे काढले, पुन्हा आत ठेवले. फोन उलटा ठेवला, सुलटा केला. जेवणाची वेळ टळून गेली तरी मेसेज नाही. भागीदाराला फोन केला तर त्याने उचलला नाही, आणि तो माझा फोन न उचलणारा माणूस नव्हे. मुलगी शाळेतून आली, माझ्याकडे एकदा बघितलं आणि मॅगी करून खोलीत गेली.

संध्याकाळी कुलूप वाजलं. तो आत आला, बूट काढले, शू रॅकवर ठेवले.

"फेल," तो म्हणाला.

मी खुर्चीत बसले. त्या दिवसात पहिल्यांदाच बसले असेन.

"पाट्यांच्या ब्रॅकेटपाशी हातोडी आत गेली," तो म्हणाला. "बाकी चासी चांगली आहे. तपासणारा म्हणाला, खालून इतकी स्वच्छ लॉरी त्याने बघितली नव्हती. पण ते भोक जुनं होतं. रबराच्या खाली. आपण धुवायला लागायच्या आधीच तिथे काही उरलं नव्हतं." मग म्हणाला, "मला रविवारीच अंगठ्याला लागलं होतं."

मला रडू आलं आणि त्याचा रागही आला. सगळे रविवार, तो फॅन, ते ढग. मी म्हटलं, "मग? कधी निघायचंय?"

"कुठे?"

"कुठे म्हणजे? तूच म्हणाला होतास. फेल झाली तर जातो."

"एजंटला नाही सांगितलं मी."

"नाही सांगितलं की नाही म्हणून सांगितलं? नीट बोल."

"नाही म्हणून सांगितलं. सकाळी. लॉरी आत घ्यायच्या आधी, रांगेत उभे होतो तेव्हा." तो माझ्याकडे न बघता मोजे काढत होता. "तो माणूस हातोडी घेऊन येताना दिसला. वाटलं, माझं घरी राहणं याच्या हातोडीवर कशाला?"

"आणि हे मला सकाळी सांगता येत नव्हतं? दिवसभर जीव टांगणीला लागला होता माझा!"

"लॉरी फेल झाल्यावर कुठल्या तोंडाने फोन करणार होतो? धंदा बुडालाय आपला. निदान थोडे दिवस. पार्टनर भाड्याची लॉरी बघायला गेलाय."

 मला आनंद व्हायला हवा होता, आणि झाला नाही. याचं "नाही" मी ओळखून होते. "हे शेवटचं" म्हणणाराही हाच होता. एजंट उद्या पुन्हा फोन करेल, दुसरं जहाज सांगेल, धंद्याशिवाय हा घरात किती दिवस बसेल? बॅग अजून पलंगाखालीच होती. मी मनात तिच्या सगळ्या चेन मोजून घेतल्या.

तो अंघोळीला गेला. मी सवयीने चहाचं आधण ठेवलं. बाथरूममधून शॉवर सुरू झाल्याचा आवाज आला. आता बंद होईल, साबण, मग परत सुरू. मी चहा टाकला. आवाज चालूच होता. साखर टाकली, दूध घातलं. चालूच. मी गॅस बारीक केला आणि ओट्याशी तशीच उभी राहिले. चहा उकळून वर आला, मी उतरवला, दोन कपांत गाळला, आणि तरी पाणी पडतच होतं. मधे एकदाही थांबलं नाही. पाण्याखाली तो खाकरला, नाक शिंकरलं, काहीतरी गुणगुणायला लागला. त्याचा चहा थंड झाला.

मुलगी खोलीतून बाहेर आली, बाथरूमच्या दाराशी गेली आणि हाताने दार बडवायला लागली.

"बाबा! पाणी! सो लाँग ऑलरेडी लाह!"

"राहू दे," मी म्हटलं. "सांडू दे त्याला."